‘एवढं काय मनाला लावून घेतेस?’ : बसलेल्या आवाजाचं एक प्रकरण

त्या माझ्याकडे, समुपदेशकाकडे, आल्या त्या कान-नाक-घसा तज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन. दुर्बिणीने घसा पाहिला, स्वरयंत्र निरोगी, थायरॉइड ठीक, पित्ताच्या गोळ्या दीड महिना देऊन झाल्या, उतार नाही. खाली एकच ओळ होती : ‘ताण असावा, कृपया बघावे.’ वय ३८. राहायला ठाण्यात मानपाड्याला, नोकरी महाप्याला एका कंपनीच्या लेखा विभागात. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी.

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव अर्थातच देत नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि एक वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं आहे.

तक्रार साधी होती. दर महिन्याला हिशेब बंद झाले की मीटिंग होते. तिथे दहा-बारा जणांसमोर आकडे वाचून दाखवायचे असतात. चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकायचा आणि मग बसायचाच. मग त्या हाताने खूण करून शेजारच्या मुलाकडे कागद सरकवायच्या. असं तीन वर्षं चाललं होतं. टीम लीडरची जागा त्यांनी दोनदा नाकारली, कारण त्या खुर्चीत बसलं की रोजच बोलावं लागणार. यांना घशाचा त्रास आहे, असं ऑफिसात सगळ्यांना वाटत होतं. त्यांनाही तसंच वाटत होतं.

माझ्यासमोर मात्र त्या पन्नास मिनिटं बोलल्या आणि आवाज एकदाही बसला नाही. मी दोन गोष्टी टिपून ठेवल्या. नवीन विषय सुरू करण्याआधी त्या घसा खाकरायच्या आणि हळूच ‘सॉरी’ म्हणायच्या. त्या दिवशी असं ११ वेळा झालं. आणि स्वतःबद्दल काहीही सांगितलं, अगदी दुःखाचंसुद्धा, की लगेच हसायच्या. समोरचा हसायच्या आधी आपणच हसून घ्यावं, तसं. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वेळ ठरवण्यासाठी त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. नेहमी टाइप करायच्या.

ती चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये चार महिने पडून होती. का, ते त्यांनी सांगितलं : ‘ऑफिसात कळलं असतं तर म्हणाले असते, बरं आहे, राहायला ठाण्यातच आहे, पाठवायला नको.’ महाराष्ट्रात हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही असं नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं हजारो माणसांची शुश्रूषा करणाऱ्या त्या जागेच्या नावावर आपण शेरेबाजी करत आलो. याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली, समुपदेशन हा शब्द कितीतरी घरांत पोचला, तरी ‘ठाण्याला पाठवा’ काही थांबलेलं नाही. ज्याच्या घरातलं माणूस खरंच तिथे दाखल आहे, त्याला ते ऐकताना काय होत असेल, याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात येत नाही. ज्या प्रकारच्या जखमेविषयी मी लिहिते आहे, ती अशीच होते. मारायचा हेतू कुणाचाच नसतो.

फ्रॉकमधली मुलगी

दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, ‘आवाज जायच्या आधीच्या क्षणी डोळ्यांसमोर काय येतं?’

हा प्रश्न मला सुचलेला नाही. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये चारचौघांतल्या भीतीची जी मांडणी केली, त्यातून तो येतो. अशी भीती असलेल्या माणसाचं लक्ष समोरच्या लोकांवरून उडून स्वतःवर वळतं, आणि आपण कसे दिसतोय याचं एक चित्र मनात तयार होतं. ते चित्र बाहेरून पाहिल्यासारखं असतं आणि बहुधा खोटं असतं, पण तेच खरं वाटतं. पुढे २००० मध्ये अॅन हॅकमन, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना विचारलं की हे चित्र पहिल्यांदा कधीचं. बहुतेकांच्या बाबतीत ते एखाद्या जुन्या फजितीच्या प्रसंगाशी जाऊन भिडलं.

त्या म्हणाल्या, ‘मी दिसते. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ. आणि सगळे खाली बघून हसतायत.’

‘यात तुम्ही किती वर्षांच्या दिसता?’

त्या थांबल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाल्या, ‘फ्रॉक आहे अंगात.’

साधारण १९९६. कळव्यात मोठ्या काकांच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीत यांचं चौघांचं कुटुंब राहायचं. वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली होती. गणपतीत सगळं घर जमलेलं. आरतीत अशी एक ओळ असते की जिथे सगळे श्वास धरून शब्द लांबवतात आणि पोरांची शर्यत लागते, कुणाचा जास्त टिकतो. त्या वर्षी हीच सगळ्यात शेवटपर्यंत टिकली. एकटीचाच आवाज उरला आणि तो चिरकला. काका म्हणाले, ‘अगं थांब थांब, फाटका बांबू!’ सगळं घर हसलं. ती पण हसली.

इथवर काही विशेष नाही. अशी फजिती कुणाची होत नाही? पण नाव चिकटलं. ‘आमचा बांबू कुठाय?’ ‘बांबूला द्या गं प्रसाद.’ फोनवर तिचा आवाज ऐकला की काका म्हणायचे, ‘कोण, बांबू का?’ पुढच्या जुलैत शाळेत एक ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिचं नाव घेतलं होतं. टिळकांवरचं भाषण पाठ होतं. आदल्या दिवशी तिने बाईंना सांगितलं, घसा बसलाय. बाईंनी दुसऱ्या मुलीला उभं केलं. ‘आणि मॅडम, मला इतकं हलकं वाटलं,’ त्या म्हणाल्या.

ते हलकं वाटणं फार महागात पडलं. टाळलं की सुटका होते, आणि सुटकेची गोडी पुन्हा टाळायला शिकवते. आधी तिने घसा बसल्याचं खोटं सांगितलं. पुढे पुढे घसा खरोखर बसू लागला. यात ढोंग काहीच नाही. ताणाखाली स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात, ते डॉक्टरांना ठाऊक असतं. शरीराला एक मार्ग सापडला होता आणि ते इमानाने त्याच मार्गाने जात होतं.

हळदीच्या दिवशीही काका म्हणाले होते, ‘आज बांबू गाणार नाही ना?’ तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या.

माझी चूक

मी त्यांना लगेच विचार तपासायला लावलं. लोक हसले तर गैरसोयीचं आहे, पण ते भयंकर कसं? आपल्या आवाजावरून आपली किंमत ठरते का? अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास उभी केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे चांगली रुजली आहे आणि मी तिच्यावरच वाढले. प्रश्न योग्य होते. त्यांनी वहीत उत्तरंही नीट लिहिली. आणि पुढच्या दोन भेटींना त्या आल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात टाइप केलेला मेसेज आला : ‘मॅडम, तुम्ही पण आईसारखंच बोललात.’

तो वाचून मी थिजले. कारण त्यांनी आईचं वाक्य मला आधीच सांगितलं होतं आणि मी ते ओलांडून पुढे गेले होते. त्या गणपतीनंतर रात्री ती आईकडे जाऊन रडली होती. आई म्हणाली होती, ‘काका गमतीने म्हणाले गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?’

या प्रकरणात मला जे दिसलं ते हेच. काकांचं वाक्य लागलं, पण ते निघून गेलं असतं. आत राहिलं ते आईच्या वाक्यामुळे. पहिल्याने दुखलं. दुसऱ्याने सांगितलं की तुझं दुखणं मोजण्यात तुझीच चूक आहे. दहा वर्षांच्या मुलीला यातून एकच धडा मिळतो : मला जे होतं ते खरं नसावं, सगळे हसतायत तेच खरं. मग ती स्वतःच्या दुखण्याआधी हसायला शिकते. २८ वर्षांनी माझ्यासमोर बसून ती तेच करत होती, आणि मी विवेकाच्या भाषेत तिला पुन्हा तेच सांगत होते की हे एवढं मोठं नाही.

मी त्यांना फोन केला नाही, टाइपच केलं. लिहिलं की तुमचं बरोबर आहे, मी घाई केली. त्या आल्या.

लागणं

मराठीत पायाला दगड लागतो आणि मनाला शब्द लागतो. क्रियापद एकच. बोचतं, खुपतं, सलतं, जिव्हारी लागतं, हे सगळे शब्द आधी शरीराचे. सल म्हणजे आत मोडून राहिलेला काटा. वरून जखम बुजते, बोट लावलं की कळ येते. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. स्कॅनरमध्ये झोपलेला माणूस पडद्यावर दोघांशी चेंडूचा खेळ खेळतो, आणि थोड्या वेळाने ते दोघं त्याच्याकडे चेंडू टाकायचंच बंद करतात. त्या वेळी मेंदूचे जे भाग चेतवले गेले, त्यातले काही शारीरिक वेदनेतही काम करतात. हा प्रयोग पुढे इतका गाजला की ‘मेंदूला अपमान आणि चटका सारखाच’ असं सर्रास सांगितलं जाऊ लागलं. ते खरं नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक बारीक विश्लेषण केलं तेव्हा दोन्हींचे आकृतिबंध वेगळे ओळखता आले. मला वाटतं, आपल्याला स्कॅनरच्या दाखल्याची एवढी गरज पडते, कारण माणूस ‘मला लागलं’ म्हणतो ते आपल्याला पुरत नाही.

आणि उलट बाजूनेही सांगायला हवं. हल्ली प्रत्येक ओरखड्याला आघात म्हणायची पद्धत पडते आहे, ती मला पटत नाही. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा जो अभ्यास व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी अमेरिकेत केला, त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला आणि एकूण १७ हजारांवर लोक त्या अभ्यासात होते. त्यात भावनिक छळाचाही प्रश्न होता. पण विचारलं होतं ते असं : घरातलं मोठं माणूस वारंवार तुमचा अपमान, पाणउतारा करायचं का? वारंवार हा शब्द महत्त्वाचा आहे. या बाईंच्या घरात मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. काकांनीच फी भरली होती. त्यांना मी कधीच ‘तुमचा छळ झाला’ असं म्हटलं नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना एकदा तपासलं, चारचौघांत बोलण्यापुरती मर्यादित सामाजिक भीती असं निदान केलं आणि औषध लागणार नाही म्हणाले.

शाळेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. घरात ठेवलेल्या नावाला कुठलं कलम लागू करणार?

‘किती चिरका आवाज!’

पाचव्या भेटीत खरं कारण बाहेर आलं. घशासाठी तीन वर्षं काढलेली बाई अचानक चिठ्ठी घेऊन का आली, ते मी विचारलंच नव्हतं.

मुलगी खोलीत कविता पाठ करत होती, मोठ्याने, हातवारे करत. या बाई स्वयंपाकघरात होत्या, ऑफिसातून नुकत्याच आलेल्या, कुकर लावायचा राहिलेला. त्या ओरडल्या, ‘अगं हळू, किती चिरका आवाज!’ खोलीतून काहीच ऐकू येईना म्हणून डोकावल्या. मुलीने पुस्तक मिटलं होतं आणि आईकडे बघून ती हसत होती.

‘मी ते हसू ओळखलं,’ त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदा स्वतः हसल्या नाहीत.

त्या भेटीत आम्ही दुसरं काही केलं नाही. काही भेटी अशा असतात, तिथे समुपदेशकाने तोंड मिटून बसायचं असतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी मुलीला सांगितलं, ‘मी मागे तुझ्या आवाजाला चिरका म्हटलं. तुला लागलं ना? मी चुकले.’ मुलगी म्हणाली, ‘थोडंसं लागलं.’ आणि पुस्तक घेऊन गेली. बस. मूल इतक्यात मोकळं होतं, हे मला दर वेळी नव्याने चकित करतं.

त्यानंतर कामाला लागलो. पद्धत सोपी आहे पण करताना घाम फुटतो. आधी कागदावर लिहायचं की माझा आवाज कसा ऐकू येईल. त्यांनी लिहिलं : ‘फाटका, किनरा, थरथरता, दहापैकी दोन.’ मग फोनवर एक पान वाचून रेकॉर्ड करायचं. मग अनोळखी बाईचा आवाज आहे असं समजून ऐकायचं. त्या फोन हातात धरून तीन मिनिटं नुसत्याच बसल्या. मग बटण दाबलं. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. म्हणाल्या, ‘ही बाई थकलेली वाटते. पण कळतंय ती काय म्हणते ते.’ गुण दिले सहा.

पुढचे दीड-दोन महिने चढत्या पायऱ्या : घरात सासूबाईंना पेपर वाचून दाखवणं, सोसायटीच्या बैठकीत एक प्रश्न विचारणं, मीटिंगमध्ये फक्त पहिली तीन वाक्यं आपण म्हणणं. खाकरणं आणि ‘सॉरी’ मुद्दाम बंद. एकदा आवाज बसला तरी कागद सरकवायचा नाही, पाणी पिऊन पुढचा आकडा वाचायचा. सासूबाईंचा यात मोठा वाटा. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण सूनबाई रोज संध्याकाळी पेपर वाचते म्हटल्यावर त्या चष्मा लावायच्याच बंद झाल्या.

वाल सोलताना

आईशी बोलायला हवं असं मी सुचवलं नव्हतं. म्हाताऱ्या आईबापांना समोर बसवून जुने हिशेब मागणं मला नेहमीच योग्य वाटत नाही, बऱ्याचदा त्यातून नवीन जखम होते. पण त्या कळव्याला गेल्या होत्या आणि दोघी बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. मोड आलेला वाल कोमट पाण्यातून काढून दोन बोटांत दाबला की दाणा सालीतून निसटतो. हात चालू असतात आणि एकमेकींकडे बघावं लागत नाही. अवघड बोलायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

‘आई, काकांनी मला बांबू म्हटलं तेव्हा तू कुठे होतीस?’

‘आत होते. मोदक उकडत होते. ऐकू आलं मला.’

‘मग?’

आईने दहा-बारा वाल सोलले. ‘मोठ्या भाऊजींना कोण बोलणार? त्यांच्याच घरात राहत होतो. तुला लागलंय असं म्हटलं असतं तर मला उठून बोलावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं गं.’ मग म्हणाली, ‘मलाही लागलं होतं.’

त्या दिवशी ठाण्याच्या तलावपाळीवर त्या एकट्याच तासभर बसून राहिल्या आणि मग घरी गेल्या. मला म्हणाल्या, ‘मी इतकी वर्षं समजत होते की आईला कळलंच नाही.’

त्या भाद्रपदात गणपतीला सगळे पुन्हा कळव्यात जमले. काका आता ८१ वर्षांचे, ऐकायला कमी येतं. दारातच म्हणाले, ‘आला का आमचा बांबू!’ त्या म्हणाल्या, ‘काका, मला त्या नावाने हाक मारू नका.’ आवाज थरथरला. काकांना नीट ऐकू गेलं नाही, ते हसत म्हणाले, ‘अगं गंमत गं.’ तेव्हा आतून आईचा आवाज आला, ‘भाऊजी, ती नको म्हणतेय.’

घर गप्प झालं. काका बावरले, काय झालं त्यांना समजलं नाही, आणि त्यांचा तो चेहरा बघून या बाईंना वाईटच वाटलं. त्यांनी काकांना ताटात मोदक वाढला. काकांनी पुढे त्यांना काय म्हणून हाक मारली, ते मी विचारलं नाही.

सात महिन्यांत १४ भेटी झाल्या. टीम लीडरची जागा त्यांनी या वर्षीही घेतलेली नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणतात आणि मी जोर करत नाही. मीटिंगमध्ये पूर्ण दहा मिनिटं वाचतात. कधी कधी आवाज अजून चिरकतो, विशेषतः झोप कमी झाली असेल तेव्हा. स्वरोपचारतज्ज्ञांकडे श्वासाचे व्यायाम चालू आहेत. समुपदेशकापर्यंत पोचणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. त्यांच्या ऑफिसातल्या एकीला तो त्यांनीच दिला.

गेल्या महिन्यात माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. नेहमीप्रमाणे टाइप केलेला असेल म्हणून उघडला, तर आवाजाचा होता, ३४ सेकंदांचा. मागे लोकलचा खडखडाट आणि ‘पुढील स्टेशन रबाळे’ची घोषणा. मुलीच्या शाळेत पालकसभा आहे, गुरुवारची वेळ शनिवारी करता येईल का, असं विचारत होत्या. मधेच घसा खाकरला, आणि पुढचं बोलून टाकलं.